वाऱ्याकडची दोरी

हेमांगी तांडेलशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मानपाड्याच्या त्या सोसायटीत तरी कोणाला आठवत नाही. टेलिफोन खात्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, ही हॅम रेडिओचा परवाना काढून मोकळी झाली. घरच्या यंत्रावरून लांबलांबच्या माणसांशी बोलायचं आणि कुठं फोन बंद पडले तर निरोप पोचवायचे, हा तिचा उद्योग. पण आवाज लांब जायचा तर अँटेना उंच हवी. उंच म्हणजे गच्ची, गच्ची म्हणजे कमिटी, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

सेक्रेटरी प्रशांत राणे माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. हेमांगीनं त्याला वर्षभर पिडलं. कायमचा खांब नकोच, एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा सुटा खांब रविवारी उभा करीन, तीन दोऱ्यांनी ताणून बांधीन आणि संध्याकाळी उतरवून घरात नेईन, असं तिनं त्याला दहा वेळा ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे ताई, एकदा करून दाखवा. पण कलंडला ना, तर विषय कायमचा क्लोज."

एवढा हट्ट कशाला, असं लोक विचारत. हेमांगी शाळेत असताना तिच्या बापाची, दामाजींची होडी वादळात अडकली होती. आई, सरस्वती, ठाण्याच्या खाडीवर धक्क्याला बसून राहिली, तोंडात अन्नाचा कण न घेता. तीन दिवसांनी होडी धडधाकट परत आली. माणसं जिवंत आहेत हे कळवायला कोणाकडे काही नव्हतं, एवढीच गोष्ट. हेमांगी ती विसरली नाही.

तर त्या रविवारी गच्चीवर चौघंजण जमले. पश्चिमेची दोरी शेजारच्या रुचिताकडे, दुसरी खुद्द प्रशांतकडे, आणि तिसरी ऐंशी पार केलेल्या दामाजींकडे. म्हाताऱ्याला हेमांगीनं मुद्दाम पूर्वेला उभं केलं. वारा पश्चिमेचा. पूर्वेच्या दोरीला काही कामच नव्हतं.

त्याला कारण होतं. आधी कळव्याच्या मैदानात तिनं हाच खांब उभा करून पाहिला होता. वाऱ्याचा झोत आला आणि तिच्या हातांनी आपोआप दोरी सैल सोडली. होडीत तेच करायचं असतं. झोत आला की शिडाची दोरी सोडायची, नाहीतर होडी उलटते. खांबाची दोरी सोडली तर खांबच आडवा होतो, आणि तसाच तो झाला. जित्याची खोड! लहानपणी बापाच्या होडीत चार सुट्ट्या काढलेल्या हातांची ही गत, तर जन्मभर शीड सांभाळलेल्या हातांचं काय सांगावं?

दामाजींनी वारा हुंगला, हातातली दोरी पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"मना हिकडं कशाला उभा केलास गो? ही दोरी तं झोपलीय."

"बाबा, तिथंच बरं आहे. सावली आहे."

"सावली तुझ्या सेक्रेटरीला दे. मना वाऱ्याकडची दोरी दे."

हेमांगीला पेच पडला. नाही म्हणावं तर चारचौघांत बापाचा अपमान, हो म्हणावं तर वर्षभराची मेहनत पाण्यात. तिनं त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोऱ्यांची अदलाबदल केली. सावलीत रुचिता गेली.

मग मात्र ती हयगय न करता कामाला लागली. बूड पक्कं केलं, खांद्यावर खांब घेतला आणि खालून रेटत निघाली. "ओढा बाबा! प्रशांतभाऊ, ताण धरा, फोटो नंतर!" खांब उठला, डुलला, सरळ झाला. प्रशांतच्या दोरीला गाठ मारायला ती वाकली आणि नेमका तेव्हाच झोत आला. खांब करकरला. तिनं मान वर करून पाहिलं.

दामाजींचे दोन्ही हात उघडे होते. रिकामे.

पण खांब जागचा हलला नाही. दोरी ताठ होती. म्हाताऱ्यानं ती आधीच कठड्याच्या लोखंडी कडीतून ओवून घेतली होती आणि खांब सरळ होताच गाठ मारून टाकली होती.

"तुना वाटला, बाप सोडील," दामाजी हसत म्हणाले. "सोडलीच की! झोत आला का हे हात ऐकत नाय माजं. म्हनून त्यांच्यावर ठेवलाच नाय."

हेमांगीला हसू आलं आणि डोळेही भरले. बापाला आपण सांभाळून घेतोय, असं तिला वाटत होतं.

अर्ध्या तासात यंत्रातून गुहागरला रेडिओ घेऊन बसलेल्या सखाराम मास्तरांचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. प्रशांत कान देऊन ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी मला पण बोलवा हां." परवानगी मिळाली, ती अशी.

हेमांगीनं कानावरचे हेडफोन काढून दामाजींच्या कानांना लावले. पलीकडून मास्तर त्यांची खुशाली विचारत होते. दामाजींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"तवा हा असता," ते म्हणाले, "तं तुझी आय जेवली असती गो."