नात्यात नसलेलं एक नाव

निम्मी वाट सरल्यावर वर्ना हालकेट एका दगडावर टेकली आणि बुटातलं पाणी ओतता ओतता मला म्हणाली, "वीस वर्षं झाली तुला इथं, अन् अजून ओल्या फरशीवरून चालल्यासारखी चालतेस!"

गाडी मागे चिखलात रुतली होती. मे महिन्यात बर्फ वितळलं की कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेकडचे हे रस्ते असेच होतात. फोनला रेंज नव्हती. गाव अजून सहा किलोमीटर होतं आणि पाचच्या आत वर्नाला आपलं ऑफिस गाठायचं होतं, कारण तिच्या जाकिटाच्या आतल्या खिशात कॅसिडीच्या अर्जाची प्रत होती.

कॅसिडी मॅकेलम म्हणजे वर्नाच्या मावसबहिणीची मुलगी. पाणी शुद्ध कसं करायचं त्याचं शिक्षण ती कॉलेजात घेते. शहरातल्या एका प्रयोगशाळेत उन्हाळ्यापुरती एकच जागा निघाली होती. अर्जात विचारलं होतं, तुम्हाला पाच वर्षं तरी ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या माणसाचं नाव द्या. पोरीनं सरळ लिहून टाकलं, 'असं कोणी नाही.'

"मग खोटं काय लिहिलं तिनं?" वर्ना मघापासून तिसऱ्यांदा म्हणाली.

सहाशे वस्तीचं क्री आदिवासींचं गाव. तिथं कोणी मामा नाही तर आत्या, नाहीतर आजोबांचा भाऊ. पण प्रयोगशाळेतल्या माणसानं फोनवर विचारलं होतं, "हिच्याबद्दल चांगलं बोलणारं एकही माणूस नाही?"

"एक कशाला, सहाशे आहेत," वर्ना म्हणाली होती.

"नात्याबाहेरचं हवं. आज पाचपर्यंत."

म्हणून ती सकाळीच कॅसिडीच्या घरच्यांच्या मासेमारीच्या तळावर गेली होती. कॅसिडीच्या आजोबांच्या पायाची पट्टी बदलायची होती, म्हणून दवाखान्यातली नर्स या नात्यानं मीही बरोबर होते. दोन तास तिथं बसूनही नाव सापडलं नाही. कॅसिडी जाळं दुरुस्त करत खाली मान घालून म्हणाली, "जाऊ दे मावशी. पुढच्या वर्षी बघू." ते 'जाऊ दे' वर्नाला फार लागलं होतं.

वर्नाही एकोणीस वर्षांची असताना जंगल खात्याच्या ऑफिसात उन्हाळ्याचं काम मागायला गेली होती. साहेबानं विचारलं, तुला काय काय चांगलं येतं? वर्ना गप्प बसली. आपलं आपण सांगायचं नसतं, ते दुसऱ्यानं सांगायचं, हे घरचं वळण. पोरगी मंद दिसते असं साहेबाला वाटलं. वडिलांबरोबर नकाशाशिवाय अख्खं जंगल फिरलेल्या त्या मुलीनं चार महिने चहा केला.

गावच्या शिक्षण कार्यालयात लागल्यापासून, म्हणजे सतरा वर्षं, ती प्रत्येक मुलाबरोबर मुलाखतीला जाते आणि शेजारी खुर्ची ओढून बसते. "आपण कोण?" असं कुणी विचारलं तर म्हणते, "मी त्याची जीभ." काही मालक हसतात, काही रागावतात. फोटोत दाखवायला एखादं क्री पोर हवं असलेलेही येतात. त्यांना ती म्हणते, "फोटो पाठवते, पोर नाही."

ओढ्याशी आल्यावर वर्नानं नेहमीसारखी चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली. मी हात जोडले. मग ती बोटं मोजू लागली.

"पोलीस?"

"येऊन वर्ष नाही झालं," मी म्हटलं.

"मास्तर?"

"पहिला बर्फ पडला की पळतात."

"दुकानवाला?"

"त्याला तर तुझंही नाव नीट घेता येत नाही."

"फादर गेले. गेले नसते, तरी त्यांना कमी ऐकू यायचं." ती हसली.

गावातलं पहिलं घर दिसेपर्यंत ती पुढे पुढेच चालत राहिली. तिच्या मनात एक नाव सकाळपासून होतं, पण ते ओठांवर येत नव्हतं. सात वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा मला भारतात, गावी जाता आलं नाही. तेव्हा वर्नाच्या आईनं सगळ्या गावाला मूसच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मटणाचं जेवण घातलं आणि माझा हात धरून सांगितलं, आजपासून ही माझी मुलगी. त्या दिवसापासून कॅसिडी मला मावशी म्हणते. गढूळ पाणी बरणीत भरून "हे पिऊन बाळाला पुरळ येतं का?" असं विचारायला बारा वर्षांची कॅसिडी दवाखान्यात आली होती, तेव्हा मी तिची कोणीच नव्हते.

ऑफिसच्या पायरीवर वर्नानं अर्ज काढला. घडीच्या जागी घामानं ओला झाला होता. साडेचार वाजले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आईला मी समजावेन," ती म्हणाली. "ती रडेल, पण समजून घेईल. त्या बरणीचं लिही, तुला जे जे माहीत आहे ते सगळं लिही. आणि खाली सही करायच्या आधी, बहिणी, एवढं लिही, की कॅसिडी तुझी कोणी लागत नाही."