दसऱ्यालाच का रुसते आमची दोन-सीटर?

मंडळी, वीस वर्षांचं कोडं आज सुटलं, म्हणून साताऱ्याला घरी पोचल्या पोचल्या लिहितोय.

आमची लाल दोन-सीटर स्पोर्ट्स कार चाळीसच्या दशकातली. वर्षभर मस्त पळते, पण दर दसऱ्याला झटके देते आणि दोन दिवसांत आपोआप बरी होते. दरवर्षी मी कार्ब्युरेटरला शिव्या घालतो. यंदा वैतागून ती विकायलाच काढली होती. सांगलीचं गिऱ्हाईक उद्या येणार होतं.

आज सकाळी बायकोनं गाडीची पूजा केली आणि आम्ही दोघं रहिमतपूरला बहिणीकडं सोनं द्यायला निघालो. गावाबाहेर पडताच पुन्हा तेच झटके! प्लग पाहिले, कार्ब्युरेटर पाहिला. सगळं ठीक.

मग इंजिनाच्या पोटाशी लपलेला डिस्ट्रिब्युटर निरखला. प्लगांना करंट वाटणारी डबीच ती. तिच्या टोपणावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं! त्या ओलीतून करंट भलतीकडंच पळत होता.

फडक्यानं पुसलं आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

"अगं, एवढं मोठं इंजिन सोडून इथंच का लावतेस?"

"आवं, लग्न झाल्यावर तुमीच दावलं व्हतं न्हवं, गाडीचा जीव हितं हाय म्हणून? मग पूजा दुसरीकडं कशी करू?"

सांगलीच्या गिऱ्हाइकाला तिथूनच फोन करून येऊ नका म्हणालो.

आता ती विचारतेय, पुढच्या दसऱ्याला कुंकू कुठं लावायचं? गाडीचा जीव आणखी कुठं असतो, सांगाल का कुणी?