शेजारच्या लेखकाची कार्डं

इथे इंग्लंडमध्ये, ओंगारला, आमच्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन राहतात, कादंबऱ्या आणि सिनेमे लिहितात. मला त्यांची भीतीच वाटायची. बागेत फिरताना ते दोन माणसांचं बोलणं एकटेच बोलायचे, आणि कोणी काही बोललं की "पुन्हा सांग ना" म्हणून खिशातल्या कार्डावर लिहून घ्यायचे. ती सगळी कार्डं त्यांच्या भिंतीवर टोचलेली खिडकीतून दिसायची.

मोठीला शाळेतून आणायला मी रोज झोपलेल्या बाळाला घरात एकटं ठेवून पळत जायचे, दहाच मिनिटं. नवरा ऑफिसात, दुसरं कोण आहे मला इथे? पण कोणाला कळलं तर सरकारी लोक येऊन बाळ काढून नेतात, असं एक मैत्रीण म्हणाली होती.

एकदा मोठीने त्यांच्या खिडकीतून कार्ड वाचलं, "मम्मी, इट सेज, मदर रन्स, बेबी अलोन." तशीच जाऊन त्यांचं दार वाजवलं, म्हटलं, प्लीज, हे सिनेमात नको, माझं बाळ नेतील. त्यांनी भिंतीवरचं ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या वेळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले, कार्ड-पेन घेऊन. म्हणाले, "जा तू, मी इथेच लिहीत बसतो. पळू नकोस."

तरी मी पळतच गेले आणि पळतच आले. बाळ झोपलेलंच होतं. ते दाराला कान लावून बसले होते, आणि हातातलं कार्ड कोरं होतं.