पूनमअक्काची प्रोफाइल

बिरुदेवला ऑफिसात बिरुदेव म्हणणारी माणसं थोडीच. बाकीच्यांचं सकाळपासून एकच, "ए प्रोफाइल, माझं उघडंना झालंय, बघ की जरा." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, खाली लूम धडधडतात आणि वरच्या मजल्यावर ऑफिस. हा गडी तिथले कॉम्प्युटर सांभाळतो. मूळचा मंद्रूपकडचा. बाप मेंढरांमागं फिरून गेला, आई तानाबाई अजून चार शेरडं राखून गावातच आहे. पण घरात कॉम्प्युटरला पहिला हात लावला तो यानं नव्हे, याच्या थोरल्या बहिणीनं. हे तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना असा फुगतो की बघणाऱ्याला वाटावं, यानंच काहीतरी पराक्रम केलाय.

आता ही प्रोफाइल काय भानगड आहे ते आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच झालं. ऑफिसचा सगळा हिशेब एका मोठ्या कॉम्प्युटरवर असतो, तो आतल्या थंड खोलीत. माणसं बसलेली असतात भलतीकडंच. कुणी घरी, कुणी पुण्यात. ती आपल्या लॅपटॉपवरून त्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडून घेतात, की समोर पडद्यावर आपलं ऑफिसचं टेबल हजर. कुणी कुठल्या नावानं जोडायचं, त्याला कुठल्या फायली दिसाव्यात, काय उघडावं, काय उघडू नये, हे सगळं ज्यात बांधून ठेवलेलं असतं ती त्याची प्रोफाइल. ती करायची, बिघडली तर नीट करायची आणि माणूस सोडून गेला की काढून टाकायची, हे बिरुदेवचं काम. काढायच्या बाबतीत तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे. माणूस निरोपाचे पेढे वाटत असायचा आणि तोवर याचं उरकलेलं असायचं.

ऑफिसात आधी नोकरीला लागली ती पूनमअक्का, हिशेबाच्या विभागात. मंद्रूपहून एसटीनं येऊन-जाऊन बीकॉम झालेली. तिनंच सरोजिनी मॅडमपुढं याला उभा केला आणि म्हणाली, "माझा भाऊ हाय मॅडम. लई हुशार न्हाय, पण शिकवलं तर शिकंल." सरोजिनी मॅडम म्हणजे हिशेब विभागाच्या मुख्य. त्या हसल्या आणि याला ठेवून घेतलं.

मग अक्काचं लग्न झालं, दुधनीला. नवरा संगप्पा, शेती आणि शेरडं, माणूस साधा. घरात कानडी. अक्काला सुरुवातीला सासूचं निम्मं कळायचं नाही, मानेनंच व्हय-न्हाय करायची. नोकरी सुटणार म्हणून ती लग्नाआधी आठवडाभर गप्प गप्प होती. तेव्हा बिरुदेवनं मॅडमला गळ घातली, परवानगी काढली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा दुधनीला गेला तो लॅपटॉप घेऊनच. सोप्यात बसून त्यानं तिची प्रोफाइल बसवली. अक्कानं पडद्यावरची खूण दाबली, तिचं सोलापूरचं टेबल तिच्यापुढं उघडलं, आणि ती रडायलाच लागली. "आईनं भांडी दिली, तू हापिसच दिलंस की रे बिर्‍या," म्हणाली.

चांगली दोन-अडीच वर्षं ते झकास चाललं. सकाळी ती जोडली गेली की चॅटमध्ये तिच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागायचा. मग पहिला निरोप याला, "बिर्‍या, खाल्लंस का?" खोलीवर एकटा राहणारा पोरगा, अक्कानं विचारल्याशिवाय त्याला भूक लागली हेसुद्धा कळायचं नाही.

बिघडलं ते गल्लीमुळं. कानाला ते हेडफोन लावून ही दिवसभर मराठीत, मधूनच इंग्रजीत बोलणार, पुण्याच्या व्यापाऱ्यांशी बिलांचं. बाया दारावरून जाता-येता कान देणार. सून कुणाशी बोलत असती गं एवढं? कुणाशी म्हणजे काय? टॉवेलच्या बिलांशी! पण हे गल्लीला कोण सांगणार. संगप्पा मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता. फक्त लोकांच्या तोंडाला भ्यायचा, आणि असल्या माणसापुढं कुणाचं काही चालत नाही. बरेच दिवस ऐकून घेतलं त्यानं, आणि एक दिवस बंद म्हणाला.

अक्काचा फोन आला तेव्हा बिरुदेव त्या थंड खोलीतच होता.

"बिर्‍या, माझी प्रोफाइल काढून टाक. मी काम सोडलं."

"दाजी शेजारी हायत का?"

"हायत. काढून टाक. काढतोस की?"

"काढतो," तो म्हणाला.

आणि काढली नाही. काढायचं बटण समोर होतं, पण त्याचा हातच चालेना. अक्का दाजीच्या धाकानं बोलतेय, आज ना उद्या तिचं मन फिरेल, दाजीचा राग उतरेल, आणि त्या दिवशी तिची जागा गेलेली असेल तर काय, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं मॅडमना सांगितलं, अक्का घरच्या अडचणीत आहे, तिची बिनपगारी रजा मांडा. मॅडम म्हणाल्या, "मांडते रे. पण महिनाभर कुणी उघडली नाही तर प्रोफाइल आपोआप गोठते, तुलाच माहीत आहे. गोठली की वरून ती जागा दुसऱ्याला देतात. मग माझ्याकडे येऊ नकोस."

मग या पठ्ठ्यानं काय करावं? रोज सकाळी आपल्या टेबलावरून अक्काच्या नावानं आत शिरायचा. सुरुवातीला नुसतं उघडून ठेवायचा. पुढं तिच्या फायली लावायला लागला, तिचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला लागला. चॅटमध्ये तिच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागायचा. तो आपणच लावलाय हे ठाऊक असूनही त्याला बरं वाटायचं, तिकडं बघत बघत तो डबा खायचा. वेडेपणाच म्हणायचा. पण परगावी आईबापाच्या जागी एकच माणूस असलं की असा वेडेपणा होतो, त्याला हसू नये.

फोन अक्का करायची, नाही असं नाही. पण दोन मिनिटं, आणि मागं कुणी ना कुणी असायचं. "बरी हाय. तू बरा हाईस? आईला औषध पोचलं का?" एवढ्यावर संपायचं. प्रोफाइलचं तिनं परत विचारलं नाही, यानंही तो विषय काढला नाही. एक दिवस आपण एकदम सांगू, अक्का, सगळं जिथल्या तिथं आहे, चल, बस, आणि ती लग्नानंतरच्या त्या दिवशीसारखी रडेल, असं चित्र त्यानं मनात रंगवून ठेवलं होतं.

आणि मग एका दुपारी तो अक्काच्या प्रोफाइलमध्ये असतानाच पडदा काळा झाला. वर सूचना आली की याच नावानं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी जोडलं गेलंय, म्हणून तुमचं कनेक्शन तुटलं. ही सूचना त्यानं हजारदा पाहिलेली. एक प्रोफाइल एका वेळी एकाच ठिकाणी चालते. दुसरीकडं उघडायला गेलं की ती विचारते, तिकडं चालू आहे, ते तोडून इकडं उघडू का? तिकडून कुणीतरी व्हय म्हटलं होतं. आणि तिची प्रोफाइल आणखी एकाच लॅपटॉपवर होती, दुधनीच्या.

बिरुदेवला आभाळ ठेंगणं झालं. आली! त्यानं आपली चॅटची खिडकी उघडली. हिरवा ठिपका. या वेळी खरा.

"अक्का, तूच का?" त्यानं लिहिलं.

बऱ्याच वेळानं इंग्रजी अक्षरांत 'ho' आलं.

एरवी त्याच्या ध्यानात आलं असतं. अक्का कधी इंग्रजी अक्षरांत लिहीत नसे, आणि बिर्‍या म्हटल्याशिवाय तर तिचं वाक्यच सुरू होत नसे. पण इतके महिने तुंबलेलं सगळं त्याच्या बोटांत उतरलं होतं. तो धडाधड लिहीत सुटला. "अक्का, तुझी जागा कुटं गेली न्हाय. प्रोफाइल मी काढलीच न्हाय, मीच रोज तुझ्या नावानं चालू ठेवतोय. दाजीला पत्ता न्हाय. तू तितं ऱ्हाऊ नको. निघून ये. मंद्रूपला जाऊ नको, आई घाबरंल. सरळ माझ्या खोलीवर ये."

'kadhi,' उत्तर आलं.

"कवाबी. फक्त कुणाला सांगू नको."

ठिपका गेला. पुन्हा लागला नाही.

त्या संध्याकाळी बिरुदेवनं मधल्या मारुतीच्या बाजारात जाऊन एक गादी आणि दोन चादरी घेतल्या. खोली झाडली. स्टोव्हची वात बदलली, का तर अक्काला धुराचा त्रास होतो. फोन मुद्दाम केला नाही, तिकडं कुणाच्या हाती लागेल म्हणून. एक दिवस वाट बघितली, दुसरा दिवस बघितली. दाराशी रिक्षा थांबली की उठून बघायचा. आठवडा उलटत आला तेव्हा सुट्टी टाकून तो दुधनीच्या गाडीत बसला.

दारात अक्काची सासू चन्नम्मा शेंगा निवडत होती. एरवी याला बघितलं की कानडीत थट्टा सुरू करणारी बाई. आज नुसतं "बा, कुंद्रु", ये, बस, एवढंच म्हणाली, घोंगड्याकडं हात केला आणि सूप उचलून परड्यात निघून गेली. संगप्पा घरात नव्हता. अक्का आतून आली. वाळली होती. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि खांबाला टेकून बसली.

"आली न्हाईस," बिरुदेव म्हणाला.

"ते तुझं लिवलेलं मी वाचलंच न्हाय, बिर्‍या. ह्यांनी वाचलं."

उचललेला तांब्या त्यानं परत खाली ठेवला.

अक्का हळूहळू सांगत गेली, रागावली नाही, आवाज चढवला नाही. सोलापूरचं काम तिनं सोडलं ते बोलणं करून सोडलं होतं. हे बंद करते, पण मला गावात तरी कुठं कामाला जाऊ द्या, असं नवऱ्याला म्हणाली होती. चन्नम्मानं, म्हणजे तिच्या आत्तीनं, तिची बाजू घेतली होती. दुधनीच्या अडत दुकानात हिशेबाला माणूस पाहिजे होतं, संगप्पा स्वतः तिथं जाऊन बोलून आला होता. पाडव्यापासून जायचं ठरलं होतं. दुकानात कामाला येईल म्हणून त्यानंच तो लॅपटॉप पेटीतून काढला, पुसला, चालू होतो का बघायला उघडला. पडद्यावर तिच्या नावाची खूण दिसली, ती दाबली; पासवर्ड बिरुदेवनं तेव्हाच आत साठवून ठेवलेला होता. तर म्हणे, तिकडं चालू आहे.

"मी त्यांना सांगितलं व्हतं, सोलापूरचं माझं काय बी उरलं न्हाय. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावी तसं सांगितलं व्हतं. आन् त्यांनी बघितलं तर माझं तितं रोज चालू. वर तू लिवलंस, दाजीला पत्ता न्हाय, कुणाला सांगू नको, निघून ये."

"मी सांगतो दाजीला. मीच केलं म्हणून सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

"मी सांगून बघितलं की. म्हणाले, भाऊबहिणीनं मिळून केलंय. दुकानात नको म्हणून कळवून आले. आत्ती माझ्यासाठी भांडत व्हत्या, त्या बी आता बोलत न्हाईत."

बिरुदेव लहान पोरासारखा रडायला लागला. मुसमुसत म्हणाला, "मला वाटलं तू दाजीच्या भ्यानं तसं बोललीस. तुझ्यासाठीच केलं मी, अक्का."

"भ्यानंच बोलले मी. पण बोलले तर मीच व्हते की," अक्का म्हणाली. "ह्यांनी बंद कर म्हटलं, मला न इचारता. तू चालू ठेवलंस, ते बी मला न इचारता. त्यांचा राग येतो मला. तुझा राग येत न्हाय, तेच लई जड जातंय बघ."

उन्हं खाली आली तशी अक्कानं घड्याळाकडं बघितलं, संगप्पाच्या यायची वेळ झाली होती. तिनं त्याच्यासाठी भाकरी बांधून दिली, दारापर्यंत आली.

"प्रोफाइल काढ आता."

"उद्या गेल्या गेल्या काढतो."

"आन् आता येऊ नको हिकडं. फोन बी करू नको. ह्यांचं मन निवंस्तवर तुझं नाव बी नको निघायला घरात. मी बोलवीन, तवा ये."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या त्यानं ती काढून टाकली. मॅडमनी तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली, त्या मुलीची प्रोफाइलही यानंच बसवून दिली आणि चालते का ते दोनदा बघून दिलं. आईला त्यानं सांगितलंय की अक्काच्या घरी सध्या कामं फार आहेत. पाडवा झाला, आखाड गेला, राखीपौर्णिमेला तो फोन हातात धरून दिवसभर खोलीतच बसला होता. अक्कानं अजून बोलावलेलं नाही.