लाल दोऱ्याची मिरची

आयुष्यातली एकतीस वर्षं चेंचोने जग खालून वर पाहिलं. ‘दक्षिणतारा’ या फिरत्या तंबू-नाटकमंडळीत तो प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक चौकोनी खड्डा, त्यावर लाकडी टोपण, आणि त्या खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेला चेंचो. हातात वही, डोळ्यांसमोर नटांचे पाय. राजा कोण आणि चोर कोण हे तो बुटांवरून ओळखायचा. नायिकेच्या आवाजात कंप आला की तंबूतली निम्मी माणसं डोळे पुसायची. चेंचो मात्र तिच्या पायाच्या बोटांकडे बघत असायचा. बोटं सैल असली तर बाई नुसती अभिनय करते आहे. आखडली तर पुढचं वाक्य विसरली आहे. मग तो ते वाक्य कुजबुजून वर पोचवायचा. टाळ्या तिला मिळायच्या. त्याची कधी तक्रार नव्हती. ते वाक्य त्याच्यामुळे जगलं, एवढं त्याला पुरायचं.

मंडळी बंद पडली, तंबू विकला गेला. आता चेंचो एकाहत्तर वर्षांचा होता आणि मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात, हालात्लाकोच्या दगडी गल्लीत, थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहत होता. बहिणीचं नाव ओनोरिना. तिचे गुडघे दुखायचे, जीभ मात्र ठणठणीत होती.

गच्चीवर चरबीचे नऊ रिकामे डबे होते आणि त्यात मिरची होती. ती मिरची चेंचोच्या बायकोची, झेनायदाची. झेनायदा त्याच मंडळीत कपडेपट सांभाळायची. लग्न करून आली तेव्हा आईने कुइकात्लान गावाहून तिच्या रुमालाच्या गाठीत चिलुआक्ले मिरचीचं बी बांधून दिलं होतं. ही मिरची बुटकी, रुंद खांद्यांची, छोट्या घंटेसारखी. पिकली की जुन्या खोगिराच्या रंगाची होते, वाळली की काळी. तिखट फारशी नाही, पण वास असा की तंबाखू आणि सुकलेलं आलुबुखार एका डब्यात ठेवलं आहे. काळा मोले, म्हणजे सणाचं दाट काळं कालवण, करायचा तर हीच हवी. बाजारात मिळायची, पण झेनायदाच्या लेखी ती परकी. गेलेली माणसं नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरी जेवायला येतात, त्यांना घरचंच वाढायचं, असा तिचा हट्ट.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ती गेली आणि पुढच्या नोव्हेंबरपासून तिलाच जेवायला वाढायची वेळ आली.

बागकामातलं चेंचोला काही येत नव्हतं. पण झेनायदा बोललेला शब्दन् शब्द त्याला पाठ होता. पाठ ठेवणं हाच तर त्याचा धंदा. “डबा उन्हात, बूड सावलीत.” “पान मान टाकेल तेव्हाच पाणी, त्याआधी लाड नाहीत.” “पहिलं फूल खुडून टाक, ते उतावळं असतं.” तो रोज सकाळी हे मनाशी म्हणायचा आणि तसं करायचा. तिच्या कागदाच्या पुडीतलं बी दोन हंगाम पुरलं आणि दोन्ही हंगाम मिरची हुबेहूब आली. पुडी संपली, तेव्हा त्याने आपल्याच मिरच्यांचं बी काढून ठेवलं आणि या फेब्रुवारीत पेरलं.

ऑगस्टमध्ये फळं धरली. नऊही डब्यांतल्या मिरच्या लांबट होत्या. खांदे थोडे रुंद, पण पुढे निमुळतं टोक.

त्याने एक तोडून खाली आणली आणि टेबलावर ठेवली.

“ही कोण?” ओनोरिनाने विचारलं.

“मिरची.”

“ते मलाही दिसतंय, चेंचो. कुणाच्या घरची?”

“आपल्याच.”

ओनोरिनाने टोक चाखलं, डोळे मिटले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. “रागात पेरलीस,” ती म्हणाली. “रागाच्या हाताची मिरची तिखट होते. त्या दिवशी रेडिओवरून माझ्याशी भांडला होतास ना? हे बघ त्याचं फळ.”

त्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. चेंचोलाही खरं वाटलं. पण त्याला सवय होती प्रवेश पहिल्यापासून आठवून बघायची. त्याने तो दिवस आठवला. सकाळी तीन डबे पेरले, तेव्हा मन शांत होतं, गुणगुणत होता. मग खाली आला, रेडिओवरून जुंपली, आणि उरलेले सहा डबे त्याने दात-ओठ खात पेरले. शांत डबे जिन्याकडचे, रागीट कठड्याकडचे. तो पुन्हा वर गेला आणि प्रत्येक डब्यातली एकेक मिरची चावून बघितली. सहाव्या मिरचीनंतर त्याला कानांत शिट्ट्या ऐकू यायला लागल्या, पण उत्तर मिळालं होतं. नऊही सारख्याच तिखट. म्हणजे राग निर्दोष.

“भांडण सुटलं आरोपातून,” तो खाली येऊन म्हणाला.

“तुझं नाक पुस आधी,” ओनोरिना म्हणाली.

मग माती. माती तीच, नदीकाठची, पानांचं खत घातलेली. पाणी तेच. डबे तेच. जे जे झेनायदा बोलली होती ते सगळं त्याने केलं होतं. एक वाक्य गळलं नव्हतं. तरीही दुसरंच पात्र रंगमंचावर उभं होतं, आणि मूळ पात्राचं बी आता पुडीत नव्हतं. त्या रात्री त्याला पहिल्यांदा धास्ती वाटली. झेनायदाच्या आईची, तिच्या आजीची मिरची त्याच्या हातात आली होती, आणि तिसऱ्या वर्षी त्याने ती हरवली होती. कशी हरवली हेही त्याला माहीत नव्हतं.

शनिवारी तो मिरची रुमालात गुंडाळून बाजारात गेला. एपिफानिया, सगळ्यांची ‘दोन्या’ म्हणजे बाईसाहेब, चाळीस वर्षं सुक्या मिरच्यांच्या ढिगामागे बसत होती आणि लहानपणी तंबूत फुकट शिरलेली होती, म्हणून चेंचोला मानाने ‘माएस्त्रो’, म्हणजे गुरुजी, म्हणायची.

“माएस्त्रो, ही पोर कुठून उचललीत?”

“घरची आहे हो. चिलुआक्ले.”

“आई असेल चिलुआक्ले.” तिने मिरची उजेडात धरली. “खांदे आईचे. पण नाक बघा. हे पाणमिरचीचं नाक आहे. बाप पाणमिरची.”

“बाप?” चेंचो म्हणाला.

“सगळ्यांना असतो, माएस्त्रो. मिरचीलाही. तुमच्या नाटकांत शेवटच्या अंकात कळायचं, इथं नाकावरून कळतं.” ती हसली, आणि शेजारची बाईही हसली.

पाणमिरची म्हणजे अंड्याबरोबर भाजून खायची ती, हिरवी, टोकदार, जाळ लावणारी. चेंचो सरळ घरी आला. मग दारातच थांबून म्हणाला, “ओनोरिना, गेल्या वर्षी तू रोप आणलं होतंस.”

“कसलं?”

“पाणमिरचीचं. म्हणालीस, एवढे डबे मिरचीचे आणि न्याहारीला तोंडी लावायला एक नाही.”

“मग? तूच ठेवलंस ते मधोमध. ऊन चांगलं लागतं म्हणालास. आणि रोज दोन खायचास.”

ते खरं होतं. पाहुण्याला त्यानेच चांगली जागा दिली होती.

पण तरी कोडं पूर्ण सुटलं नाही. चेंचो खुर्ची घेऊन गच्चीवर बसायला लागला. उशिराची काही फुलं अजून येत होती, पांढरी, खाली मान घातलेली. त्याने पाहिलं की एक बारीक माशी एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जाते, फुलात शिरते, पिवळी होऊन निघते. कुणाची परवानगी नाही, पडदा नाही. आणि झेनायदाच्या काळीही गच्चीवर पाणमिरची असायचीच की. शेजारच्या गच्चीवर तर आजही होती. माश्या तेव्हाही होत्या. मग इतकी वर्षं तिची मिरची बिघडली कशी नाही? काहीतरी ती करत होती. काहीतरी, जे ती बोलली नव्हती. आणि जे बोललं गेलं नाही ते चेंचोच्या वहीत कसं असणार?

उत्तर ऑक्टोबरच्या शेवटी सापडलं, घरी येणाऱ्या मृतांसाठी मांडायच्या वेदीवर घालायचं कापड शोधताना. झेनायदाच्या पेटीत, कापडाच्या खाली, एका बिस्किटाच्या डब्यात जाळीच्या चिमुकल्या पिशव्या होत्या. अंगठ्याएवढ्या. तोंडाला बारीक नाडी. जाळी त्याने लगेच ओळखली: ‘दक्षिणतारा’च्या वधूचा बुरसलेला घुंगट, दुसऱ्या अंकातला. या पिशव्या त्याने अनेकदा पाहिल्या होत्या आणि लग्नात वाटायच्या साखरेच्या बदामांसाठी असतील असं धरून चालला होता. आता त्याने एक उलटी केली. शिवणीत एक वाळलेलं फूल अडकलं होतं. कागदासारखं, पाच पाकळ्यांचं. डब्याच्या तळाशी लाल दोऱ्याची गुंडाळी होती.

चेंचो जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसला. मंडळी बंद पडल्यापासून रोज सकाळी तो इथंच बसायचा, कॉफीचा पेला घेऊन, वर्तमानपत्र घेऊन. इथून वर पाहिलं की गच्चीच्या तोंडाशी फक्त झेनायदाच्या सपाता दिसायच्या. त्या एका डब्यापाशी थांबायच्या, टाचा उचलायच्या, पुढच्या डब्यापाशी जायच्या. आणि आवाज यायचा: नखाने टिचकी मारल्याचा, हलका. एकदा त्याने विचारलं होतं, काय करतेस? ती म्हणाली होती, “मुंग्या झटकते.” त्याने ते वाक्यही पाठ ठेवलं होतं. पाच पायऱ्या चढून बघितलं मात्र नव्हतं.

कळी उमलायच्या आत तिला जाळी बांधायची, म्हणजे माशी शिरत नाही. मग रोज सकाळी टिचकी मारायची, म्हणजे फूल आपल्यातच फळतं. फळ धरलं की पिशवी काढायची आणि... दोऱ्याचं काय?

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. झेनायदाच्या फोटोशेजारच्या खिळ्याला तिच्या हातची शेवटची माळ होती, सात काळ्या वाळक्या मिरच्यांची. तीन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता.

“खबरदार,” ओनोरिना चुलीजवळून म्हणाली. “ती तिने स्वतः ओवलीय.”

“नुसतं बघतोय.”

“नुसतं बघायला हात लागत नाहीत.”

त्याने चष्मा लावला. सहा देठ नुसतेच होते. चौथ्या मिरचीच्या देठाला लाल दोऱ्याचा एक वेढा होता, बारीक गाठ मारलेला. माळेचा दोरा पांढरा होता. लाल दोऱ्याला तिथं दुसरं काही काम नव्हतं. तेवढी एक खाण्यासाठी नव्हती, जाळीत धरलेली होती, बियासाठी.

ओनोरिना जवळ आली. तिने तो लाल वेढा बघितला. मग तिने भांडायला नवी बाजू शोधली. “फोडणार असशील तर बी मोलेत घाल. तिच्याच जेवणाला तिचं बी जाळायचं नाही, तर कुणाचं?”

हे बोलणं अगदीच गैर नव्हतं. काळ्या मोलेचा काळेपणा बियांतूनच येतो. मिरच्या साफ करून त्यांचं बी मातीच्या तव्यावर कोळसा होईपर्यंत जाळतात, पाण्यात घालून कडवटपणा काढतात, मग पाट्यावर वाटतात. गेली दोन वर्षं चेंचोने तेच केलं होतं, मूठभर तेवढं बाजूला ठेवून.

“जाळायला या वर्षीच्यांचं घे,” तो म्हणाला. “त्यांना भरपूर बी आहे.”

“ते तिखट आहे.”

“असू दे. ते याच घरात जन्मलंय. त्यालाही काम मिळू दे.”

“आणि झेनायदा आली आणि तिला ठसका लागला तर?”

“मेस्कालची बाटली ठेवू शेजारी.”

ओनोरिनाने मान हलवली, पण तवा तिनेच अंगणात नेला, कारण ते बी घरात जाळणं म्हणजे घर सोडणं. तरी धूर गल्लीत गेला. समोरच्या घरातून खोकल्याआडून कुणीतरी विचारलं, इथं काय माणूस जाळताय का. त्या वर्षीचा मोले हवा तितकाच काळा झाला आणि हवा त्यापेक्षा बराच तिखट. माळेतल्या बाकीच्या सहा मिरच्यांतल्या तीन त्यात पडल्या, बाकीच्या तीन खिळ्यावर परत गेल्या. चेंचोने वेदीवर ताट ठेवलं, टर्कीचा पाय, वर तीळ. झेंडूच्या वासात त्याने हलक्या आवाजात तिला सांगितलं की त्याची एक ओळ चुकली होती, आता सापडली आहे. ओनोरिनाने जेवताना तीनदा पाणी घेतलं आणि दोनदा मोले.

लाल दोऱ्याच्या मिरचीतलं बी फिकट पडलं होतं. फेब्रुवारीत त्याने ते सगळं तीन डब्यांत पेरलं. तीन आठवडे काही नाही. ओनोरिना रोज खालून विचारायची, आलं का, आणि तो वरून म्हणायचा, कपडे बदलतायत. चौथ्या आठवड्यात एका डब्यात एक रोप वर आलं, पाठ वाकवून, डोक्यावर बियाचं टरफल घेऊन. मग आणखी एक. बाकीची आलीच नाहीत. दोन पुरेशी होती. झेनायदाच्या रुमालातूनही बहुधा फार आली नसतील.

शेजारी त्याने त्या लांब नाकाच्या मिरचीचंही एक रोप ठेवलं. तिची मुलं कुणासारखी होतात हे त्याला बघायचं होतं.

जूनमध्ये कळ्या आल्या. पहिली त्याने खुडली, ती उतावळी असते म्हणून. दुसरीवर त्याने दुसऱ्या अंकातल्या घुंगटाची पिशवी चढवली. नाडी बारीक होती, म्हणून ओढायला वेळ लागला. मग फूल उमलल्यावर, दोन दिवसांनी, त्याने जाळीवर नखाने टिचकी मारली.

“चेंचो,” ओनोरिना जिन्याच्या खालून म्हणाली. तिला तिथून त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. “काय करतोयस वर इतका वेळ?”

त्याच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं, मुंग्यांचं. त्याने ते गिळलं.

“वर ये,” तो म्हणाला.

“माझे गुडघे.”

“हळूहळू ये. मी थांबतो. खालून हे दिसत नाही.”

कठडा धरत, कुरकुरत, एकेक पायरी चढत ती येईपर्यंत त्याने टिचकी मारली नाही. ती वर पोचली, धापा टाकत डब्यापाशी वाकली, तेव्हा त्याने तिचं बोट धरलं आणि जाळीपाशी नेलं.