जनाआत्याची तीथ

जनाआत्या माणसाला नावानं हाक मारत नसे, व्यंगानं मारत असे. आमच्या होडीचा तांडेल भिकू बोलताना अडखळायचा. तीस वर्षं होडी चालवणाऱ्या त्या माणसाला ती 'अडक्या' म्हणे. शेजारणीला मूल नव्हतं. तिला ती काय म्हणायची ते मी इथे लिहिणार नाही. बेलापूरच्या कंपनीतली नोकरी सुटल्यावर मी बॅग घेऊन दिघीला परतलो, तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आला हापिसर. हाकलला म्हणून आला." ते खरं होतं. मी बॅग आत नेऊन ठेवली.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा समुद्रात गेला तेव्हा ती तिशीची होती. होडी विकून टाक, असं सांगायला आलेल्या भावांना तिनं पाणीसुद्धा न विचारता परत पाठवलं आणि होडी स्वतः सांभाळली, तिच्यावर एकदाही पाय न ठेवता. फाटकी जाळी कधी तुणायची, बर्फ कधी सांगायचा, इंजिनाचं तेल कधी बदलायचं, सगळं तिच्या डोक्यात. तिला वार-तारीख कळत नसे, तिचं सगळं तिथीवर चाले. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला पाण्याला जोर नाही. तिथीची पाऊणपट केली की दुपारच्या पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि हा हिशोब ती निरक्षर बाई बोटांच्या पेरांवर माझ्या फोनआधी करायची. सगळी वस्ती तिला तीथ विचारून कामाला लागे.

मी मात्र कंपनीत कामांच्या याद्या करण्याचाच पगार घेतला होता. होडीची कामं शिस्तीत लावून दाखवतो, असं मी जाहीर केलं आणि ॲप शोधायला बसलो. पहिलं ॲप, कामं संपली की, पडद्यावर रंगीत कागद उधळायचं आणि मला शाबासकी द्यायचं. मला तेच आवडू लागलं, काम मागे पडलं. दुसऱ्यात दर सोमवार होता, दर एक तारीख होती, सुट्टीचे दिवस वगळायची सोय होती, अमावास्या नव्हती. तिसरं मी सगळ्या खलाशांच्या फोनवर टाकलं. भिकूला फोनवरचा उरलेल्या कामांचा लाल आकडा बघवत नसे, म्हणून तो सकाळी उठून सगळ्या कामांवर 'झालं' अशी खूण करून मोकळा व्हायचा. त्या आठवड्यात फोनमध्ये आमच्याइतकी शिस्तीची होडी कोकणात नव्हती. प्रत्यक्षात ती बर्फाशिवाय निघाली आणि मासळी कुजली. चौथं मराठीच लिहू देईना.

"तुझं यंत्र तुझ्यासारखंच हाय," आत्या म्हणाली. "काम करत न्हाय, आठवन करतंय."

पाचव्या ॲपमध्ये मी स्वतःच तोडगा काढला. दिवाळी झाल्यावर प्रतिपदेपासून पंधरा नोंदी केल्या, प्रत्येक तिथीची एक, आणि प्रत्येकीला दर पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलं. चंद्र असा पंधराचा पाढा म्हणत फिरत नाही, मधूनच एखादी तिथी गळते आणि पंधराची मोजणी मागे पडते, हे कोळ्याच्या घरात जन्मून मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. शिवाय स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती, तिच्यावर रोजची तिथी छापलेली होती. पण मला भिंतीवरचं काही नको होतं. मला या बाईसमोर एकदा तरी बरोबर ठरायचं होतं.

त्याच सुमारास ती रोज सकाळी मला विचारू लागली, "सांग हापिसर, आज तीथ काय?" मी फोन बघून सांगे. ती म्हणे, "बरोबर." मला वाटे, परीक्षा घेते आहे, आणि मी पास होतो आहे. होळी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, अंगणात राख अजून गरम होती, तेव्हा तिनं तेच विचारलं. फोन चार्जिंगला होता. मी नुसती गंमत म्हणून म्हटलं, अष्टमी. होळीच्या दुसऱ्या दिवशी काय असतं ते वस्तीतल्या पोरासोरांनाही माहीत असतं. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर."

मला कळलं. ती परीक्षा घेत नव्हती. तिच्याजवळची तीथ हरवली होती आणि ती माझ्याकडून रोज उसनी नेत होती. मी तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, निदान भिकूला सांगायला हवं होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. त्यानंतर ती मला हापिसर म्हणाली की मी मनातल्या मनात हसत असे.

वैशाख संपला. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावरच्या उताराच्या डोक्यापर्यंत ओढून घ्यावी लागते, आणि तिथवर पाणी पोहोचतं ते अमावास्येनंतरच्या बीजेलाच. आत्या आपली होडी सगळ्यांच्या शेवटी चढवायची, तो तिचा तोरा होता. त्या सकाळी मी फोन बघून बीज सांगितली, तिनं बरोबर म्हटलं, आणि माणसं जमली. भिकूनं पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आ-आत्या, बीज होऊन गेली. उधान उतरतीला लागलंय."

"तुझ्या तोंडातून शब्द निघंपर्यंत भरती संपंल," ती म्हणाली. "दोर धर."

सगळे हसले. मीही हसलो. दीड वाजता पूर्ण भरती हवी होती. ती आली पावणेचारला आणि उताराच्या निम्म्यावरच थांबली. होडीचं तोंड वर आणि मागचा भाग खडकांवर, अशा अवस्थेत पाणी तिच्याखालून निघून गेलं. ती कलली, आणि फळी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रोज पाणी आणखी कमी होणार होतं. पुढच्या उधाणापर्यंत तिला कुणी हलवू शकणार नव्हतं.

आत्या काठी टेकत खाली आली आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्या फोननं माझी होडी खाल्ली." तेवढं म्हणून ती थांबली असती तरी चाललं असतं, कारण ते खरंच होतं. पण ती पुढे म्हणाली, "कंपनीनं उगाच न्हाय हाकलला." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मग तू सांग, आत्या," मी म्हटलं. "सहा महिने रोज मलाच विचारतेस. आज तीथ कोणती, ते एकदा तू सांग."

तिनं पाण्याकडे पाहिलं. मग अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला, पुढे सरकवला, परत पहिल्या पेरावर आणला. मी गप्प बसू शकलो असतो. मी म्हटलं, "सांग ना." ती म्हणाली, "एकादस." कुणीतरी फस्सकन हसलं. भिकू हळूच म्हणाला, "पं-पंचमी, आत्या," आणि त्याच्या अडखळण्यावर मात्र त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पौर्णिमेच्या आधीच वादळी वारा सुटला आणि होडी खडकांवरच फुटली. आत्याचं त्याहून वाईट झालं. जिला तीस वर्षं तीथ विचारली, तिला वस्ती आता थट्टेनं विचारू लागली. नळावर जाता-येता बायका म्हणत, "जनाबाय, आज तीथ काय गो?" ती काहीतरी सांगे, त्या एकमेकींकडे बघत. ज्यांना ज्यांना तिनं व्यंगावरून हाका मारल्या होत्या, त्यांनी सगळं फेडून घेतलं. तिनं ओट्यावर बसणं सोडलं. कुणाला नावं ठेवणंही सोडलं, मला तर ती नुसतं 'बाळा' म्हणू लागली. आषाढात मला तिथी, भरतीची वेळ, सगळं अचूक सांगणारं मराठी ॲप सापडलं. तोवर आमच्याकडे त्यात लिहिण्यासारखं एकही काम उरलं नव्हतं.

दिवाळीआधी ती गेली. त्याच्या आठवडाभर आधी मी तिच्या अंथरुणाशी बसलो होतो. त्या दुपारी ती बऱ्यापैकी शुद्धीत होती. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं ते माझं चुकलं."

तिनं माझ्याकडे मान वळवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "न्हाय रं. माझी तीथ गेली, ते तू बरोबरच वळखलंस. तू चुकला असतास तर बरं झालं असतं."