घोडीचा ऐब

आमच्या घरी एक घोडी होती आणि ती एकटी राहत नव्हती. गोष्ट एवढीच. पण त्या दुष्काळात हिच्यावरून घरात जेवढी बोलाबोली झाली तेवढी पाण्यावरूनही झाली नसेल.

घोडी सासऱ्यांची. मी लग्न होऊन चौसाळ्याच्या अलीकडच्या या गावात आले तेव्हाच त्यांचा खुबा मोडलेला होता. बैलगाडीतून पडले होते म्हणे. काठी टेकत ते ओट्यापासून न्हाणीपर्यंत जायचे, त्याच्यापुढं जायचं तर घोडीवर. घोडी ओट्याला लावून उभी केली की ते अंग टाकून वर बसायचे आणि मग माणूसच बदलायचा. शेत, पार, बाजार, सोयऱ्यांची गावं, कुठंही जायचे. घोडी गेली तर हा माणूस ओट्यावर बसून राहणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मालकांनाही.

त्या साली पाऊस झालाच नाही. गावच्या दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. आमची म्हैस तिकडं गेली आणि तिच्यामागं मालकही गेले, कारण दावणीला घरचं माणूस पाहिजे असा तिथला कायदा. घोडीला मात्र घेतलं नाही. चेअरमन म्हणाले, "छावणी दुधाच्या अन् औताच्या जनावराला हाय. घोडीचं दूध घालताव का सोसायटीला?" लोक हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

मग घोडीला राहिलं आमचं नदीकडचं रान. नदीला पाणी नव्हतं, पण बांधाला वाळकं का होईना गवत होतं. मी तिला तिथं लांब दाव्यावर सोडायची, ती माझ्याकडं बघत चरायची. मी पाठ फिरवली की झालं सुरू. खिंकाळायची, बांधाच्या कडेनं येरझाऱ्या घालायची, अंग घामानं भिजवून घ्यायची, आणि मी घरी पोचायच्या आत दावं तोडून माझ्या मागं हजर. एकदा शेजाऱ्याच्या मोसंबीत घुसली. त्यानं टँकरच्या पाण्यावर जगवलेली झाडं होती, तो मला काय काय बोलला ते लिहीत नाही. चरणं नाही आणि पळणं एवढं, म्हणून तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

मला एक दिवस छावणीवर दावणीला बसवून मालकांनी तिला वडवणीच्या बाजारात नेलं. व्यापारी घोडं बाजूला एकटं बांधून बघतात. हिनं तिथंही तोच तमाशा केला. "ऐबी हाय," असं म्हणत एकेक जण निघून गेला. मालक परत आले ते चिडूनच. "घरात राहीना, बाजारात खपंना. करायचं काय हिचं? रोज हिच्यापाशी कोण बसायचं?"

मी मनाशी म्हटलं, तक्रार हीच आहे ना? मग ही एकटी राहायला शिकली की प्रश्नच मिटला.

गावानं आपापले इलाज सांगितले. मीठ-मोहरी ओवाळून झाली. पायात काळा दोरा बांधून झाला. कुणी म्हणालं माजावर आलीय. पण म्हशीचं नाव कुणी काढलं नाही. कसं काढतील? आमच्याकडं घोड्याचं आणि म्हशीचं वैर धरतात. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गोठ्यात दोघींच्या मध्ये पऱ्हाट्यांची ताटी घातली होती, एकमेकींचं तोंड दिसू नये म्हणून. कैक वर्षांची ताटी ती.

एकदा गोठा झाडताना बघितलं, घोडी ताटीच्या एका भोकात नाक खुपसून उभी. पलीकडं रिकामी दावण. भोकाच्या कडा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे हे आजचं काम नव्हतं. म्हैस तिकडं रवंथ करायची आणि ही इकडून वास घेत उभी राहायची, आणि आम्ही आपले वैर सांभाळत बसलो होतो.

"मामा, हिला म्हैस पाहिजे," मी म्हटलं.

"घोडीला म्हैस? येडी हाईस का काय." पण काठी टेकत गोठ्यात आले. भोकात बोटं घालून बघितली आणि परत गेले.

म्हैस तर आणता येत नव्हती. मालकांची भाकर घेऊन मी रोज छावणीवर जायची. तिथला चारा बाहेर न्यायला बंदी, काडीसुद्धा नाही. पण चघळीला कोण विचारतं? जनावरानं खाऊन, तुडवून टाकलेला उष्टा कडबा तो, शेवटी उकिरड्यावरच जायचा. मी आमच्या म्हशीपुढची चघळ गाठोड्यात बांधली. राखणदारानं हात घालून चाचपली. "हे कावून नेताव बाई?" म्हणाला. मी म्हटलं, "घोडीला वास घ्यायला." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय ऊन लागलंय हिला. पण जाऊ दिलं.

बांधापाशी गाठोडं सोडलं. घोडीनं आधी हुंगलं, जोरात फुरफुरली, मग त्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मी हळूच उठून शेजारच्या बाभळीखाली बसले. तिनं कान हलवले, पण खात राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी लांब बसले. मग बांधाआड. ओरडायला लागली तर लगेच जायचं नाही, गप्प झाली की जायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेकराला अंगणवाडीत सोडताना आपण दुसरं काय करतो? मधेच एखाद्या दिवशी सगळं शिकलेलं विसरायची. मग मी तिच्या सात पिढ्या काढायची आणि पुन्हा बाभळीपासून सुरुवात.

उन्हाळा भरात आला तोवर मी तिला सकाळी सोडून यायला लागले, ती संध्याकाळपर्यंत निवांत. अंगावर थोडं मांस आलं. मामा संध्याकाळी पुन्हा तिच्यावर बसून पारावर जायला लागले. मला लई बरं वाटायचं. इतकं की मी उगाच बायकांना बोलावून दाखवायची, बघा, एकटी चरतीय.

मालक एकदा छावणीवरून अंघोळीला घरी आले, तेव्हा त्यांनाही रानात नेऊन दाखवलं. ते बांधावर बराच वेळ उभे राहिले. "लई शानी झाली की," म्हणाले. मी खूश.

पुढच्या बाजारानंतर ते उमापूरकडच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. त्यानं घोडी रानात एकटी सोडायला लावली, लिंबाखाली बसून तंबाखू मळली, बघत राहिला. घोडी शांतपणे चरत होती. "ऐब न्हाई," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या ऐबानंच तिला घरात ठेवलं होतं, आणि तो मी काढला.

मी भांडले. व्यापाऱ्यासमोर भांडले. "मामांचे पाय विकताय तुम्ही," म्हटलं. मालक म्हणाले, "म्हशीला प्यायला न्हाई, हिला कुठून आणू? पाऊस पडला की दुसरी घिऊ." राग मला त्यांचा आला तसा स्वतःचाही आला. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "ईक. त्याचंबी खरं हाय."

व्यापारी घोडीला घेऊन आमच्या ओट्यापुढूनच गेला, दुसरी वाट नव्हती. मामा ओट्यावर बसले होते. घोडी परक्या माणसाच्या मागं, दावं सैल, मान खाली घालून चालली होती. ती वळणापलीकडं गेली तरी मामा कान देऊन बसले होते. मीही दारात थांबले होते. काही ऐकू आलं नाही.

मामा म्हणाले, "हाक बी मारली न्हाई. लई चांगली शिकवलीस गं माय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.